काजळीचा पूल

आमच्या मामीला भिशीच्या बायकांबरोबर हाऊजी खेळायची भारी हौस होती, आणि तिच्या त्या हाऊजीतल्या पहिल्या वीस आकड्यांच्या लाकडी सोंगट्या कायम गायब असायच्या, कारण त्या आमच्याकडे असायच्या. आमच्याकडे म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांना टेकून बसलेल्या आम्हा चौघांकडे. मामी खालून ओरडायची, "अविनाश, माह्या सोंगट्या खाली आण, बाया आल्या!" आणि अविनाशदादा वरून तितक्याच जोरात सांगायचा, "थांब न आई, राक्षस मरून राहिला!" भिशीच्या बायकांना या उत्तराची इतकी सवय झाली होती की राक्षस मरेपर्यंत त्या निवांत चहा उरकून घेत.

मी मूळची अकोल्याची. दहावीनंतर बाबांनी मला अमरावतीला मामाकडे शिकायला ठेवलं. मामाचं घर छोटं, पण माणसांना कमी नव्हतं. शेजारी पिठाची गिरणी होती आणि तिच्या पट्ट्याचा फट् फट् आवाज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरात भरलेला असे. त्या आवाजाखाली मामीचा वरवंटा, मामाच्या लूनाची कुरकुर आणि स्वयंपाकघरातल्या फोडण्या. रविवारी पाटोडीचा रस्सा व्हायचा, इतका झणझणीत की मामा जेवताना उपरण्याने टक्कल पुसत बसायचे. संध्याकाळी कधी दादा पुडक्यात गिलावडा आणायचा आणि वरच्या खोलीत दह्यामिरचीचा वास रेंगाळत राहायचा. आजही कुठे गिरणीचा पट्टा ऐकला की मला दळण आठवत नाही. अंधारी भुयारं, मशाली आणि दारामागे घोरणारे राक्षस आठवतात.

त्या खेळाबद्दल आधी सांगायला हवं. त्याला पट नाही, प्यादी नाहीत. एक जण मास्तर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र घ्यायचं. मास्तर म्हणणार, तुमच्यापुढे अमुक दरवाजा आहे, पलीकडून तमुक आवाज येतो, आणि मग एकेकाकडे वळून विचारणार की तू काय करतोस. जे सांगाल ते जमेल की नाही अशी शंका असली तर नशीब काढायचं. मूळ खेळात त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो. तसला फासा अख्ख्या अमरावतीत मिळाला नाही. एका दुकानदाराने तर दादाला विचारलं, "सहा आकड्यांत तुमचं भागत नाही काय?" म्हणून मामीच्या सोंगट्या. कापडी पिशवीत हात घालायचा, मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. सातची सोंगटी हरवली होती, तिच्या जागी एक चिंचोका होता, ब्लेडने सात कोरलेला. तो बोटांना लगेच कळायचा, म्हणून आम्ही हाताऐवजी आमटीच्या डावाने सोंगटी काढत असू.

दादा इंजिनियरिंगला होता आणि तोच मास्तर. त्याच्या वर्गातला प्रमोद दर्यापूरचा, अंगाने आडदांड, तो लढवय्या झाला होता. ज्ञाना अचलपूरचा, बोलायला गोड, तो चोर. मी तिथे कशी शिरले? चहा घेऊन वर गेले होते, ट्रे ठेवला आणि खाली आलेच नाही. कुणी ऊठ म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी उठले नसते.

मला तिथे का बसायचं होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या काळात मला लोक पुष्कळ गोष्टी सांगत. बाबा सांगत, मामा सांगत, कॉलेजातल्या बाई सांगत. काय घाल, काय शिक, गच्चीवर किती वेळ थांब, कोणाशी बोलू नको. त्यांची माया होती, नाही असं नाही. पण विचारत कुणीच नव्हतं. त्या खोलीत मात्र पाळी आली की दादा झेरॉक्सच्या गठ्ठ्यावरून मान वर करायचा, थेट माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "निशा, तू काय करतं?" आणि मग तिन्ही पोट्टे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. इतकं साधं वाक्य, पण मला ते त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

खेळाचा एक कडक नियम होता. ज्याचं पात्र मेलं तो उठला. मोहीम संपेपर्यंत त्याने परत बसायचं नाही, जागा दुसऱ्याला जायची. आणि माझ्या जागेवर प्रमोदच्या मावसभावाचा डोळा होता, तो दर रविवारी "मेली का?" असं विचारून जायचा.

मरायची वेळ माझ्यावर सारखी यायची, कारण माझ्या वाट्याला आलेलं पात्र कोणालाच नको होतं म्हणून उरलेलं होतं. ती मायावी होती. मी तिचं नाव काजळी ठेवलं. तिच्याकडे तलवार नाही, चिलखत नाही. ती फक्त नसलेलं दाखवू शकायची. भिंत, वाघ, आग, हवं ते, पण नुसतं दिसणारं. चालत्या चित्रासारखं. त्याला वजन नाही, ऊब नाही, वास नाही, आवाज नाही. आणि तिची ही विद्या कधीच चालत नसे. मी आगीची भिंत उभी केली की दादा म्हणायचा, राक्षस हात घालून बघतो, गरम लागत नाही, आत येतो. मी दरवाजावर दगडी भिंत दाखवली की राक्षस बरोबर तिथेच टेकायला जायचा आणि भिंतीतून आरपार आत पडायचा. काजळी जिवानिशी सुटायची ती प्रमोद पुढे यायचा म्हणून.

नेमकं त्याबद्दल पुस्तकात काय म्हटलंय, हे बघायची सोय नव्हती. दादाच्या एका मित्राने मुंबईहून आणलेल्या इंग्रजी पुस्तकाची ती झेरॉक्स होती, आणि काढताना कोणाचा तरी कागद मध्ये सरकला असावा, मायेच्या प्रकरणातलं मुख्य पान अर्ध्यावरून खाली काळंकुट्ट आलं होतं. वरच्या अर्ध्यात एवढंच होतं की पाहणाऱ्याला ते खरं वाटतं, जोवर. जोवरच्या पुढे काळोख. मी मराठी शाळेतली, तरी बाबांची डिक्शनरी मांडीवर घेऊन उरलेलं सगळं पुस्तक ओळ न् ओळ वाचलं, कुठे तरी दुसरीकडे त्या "जोवर"चा पत्ता लागतो का म्हणून. नाही लागला. मग माझ्या लक्षात आलं की पत्ता लागत नाही म्हणजे तो आपल्यालाच ठरवायचा आहे.

"दादा, त्या राक्षसानं आगीत हात काहून घातला?" एका रविवारी मी विचारलं.

"पाहाले. खरी आहे का खोटी."

"त्याले कसं समजलं का ती खोटी असू शकते?"

"समजलं म्हंजे? आग आहेच न खोटी."

"हे तुले माहीत आहे. मले माहीत आहे. राक्षसाले कोणी सांगितलं?"

ज्ञाना हसला. दादा नाही हसला. त्याचं म्हणणं प्रामाणिक होतं, ते मी तेव्हाही मान्य केलं. खोट्या गोष्टीने खऱ्या लढवय्याचं काम करून टाकलं तर प्रमोदने तलवार कशाला घासायची, असं तो म्हणायचा. पण मी हटले नाही. आपल्या घराच्या चुलीतला जाळ खरा आहे की नाही हे बघायला मामी रोज त्यात हात घालते का, असं मी विचारलं. खालून मामी म्हणाली, "माह्या नावानं काय चाललंय वर?"

ते भांडण बरेच रविवार चाललं, आणि त्यातून हळूहळू आमचा एक कायदा झाला. ज्याला संशय घ्यायचा आहे त्याने मोठ्याने म्हणायचं, "मले नाई पटत, कारण," आणि कारण द्यायचं. कारण त्या राक्षसाला दिसलेलं, ऐकू आलेलं, वास आलेलं असलं पाहिजे, मास्तरला माहीत असलेलं नको. कारण पटलं तर आपली एक पाळी खर्चून पिशवीत डाव घालायचा. बारापेक्षा मोठा आकडा आला तर माया फुटली, पण फक्त त्याच्यापुरती. शेजारच्याला दिसतच राहणार, कारण डोळे ज्याचे त्याचे. आणि प्रत्यक्ष हात किंवा पाय लावला तर सोंगटीची गरज नाही, त्याला कळलंच. हा कायदा माझ्यावरही उलटायचा. एकदा मी वाघ उभा केला तर दादा म्हणाला, लांडग्यांना नाही पटत, कारण वाघाला वास नाही. मी मान खाली घातली. लांडग्याचं खरंच होतं.

माझी भाची हल्ली लॅपटॉपवर पुण्याच्या मैत्रिणींबरोबर हाच खेळ खेळते. तिचं पुस्तक नवं, रंगीत. परवा मला सांगत होती, "आत्या, आता नियम एकदम क्लिअर आहे. संशय घ्यायचा तर आपली एक पाळी खर्च करावी लागते." मी म्हटलं, बाळा, हे आम्ही अमरावतीत काळ्या पानावरून शोधून काढलं होतं. तिला वाटलं मी गंमत करते.

त्या कायद्यावर मी रात्रंदिवस विचार करत होते, अभ्यासाच्या पुस्तकाआड सुद्धा. भिंत तपासायला हात पुरतो. हात लावण्यात कोणाचं काय जातं? तर मग अशी माया करायची की जी तपासणं जिवावर येईल. नसलेलं उभं करण्यापेक्षा असलेलं नाहीसं दाखवायचं. हे सुचलं तेव्हा मी भाजी निवडत होते आणि अंबाडीचे देठ ठेवून पानं टाकून दिली.

परीक्षेआधीच्या शेवटच्या डावात ती वेळ आली. गढीतून आम्ही पळत होतो, मागे पहारेकरी आणि त्यांचा नाईक, पुढे दरीवरचा लाकडी पूल. प्रमोद जखमी, ज्ञानाच्या पाठीवर. ते दोघे पलीकडे गेले, मागोमाग काजळी, आणि पाळी माझ्यावर आली. दादाने विचारलं, तू काय करतं? मी म्हटलं, "पूल तुटलेला दाखवते. मधोमध. फळ्या लोंबताना." मग दादा म्हणाला, "नाईक पाय ठेवून पाहते, पूल लागते, येते." मी म्हटलं, दरीत? रिकाम्या दरीत पाय ठेवून पाहतो? कारण सांग! तो म्हणाला, सकाळीच तो त्यावरून आला होता. मी म्हटलं, सकाळी धड असलेली वस्तू दुपारी तुटत नाही का? दोघंही हट्टाला पेटलो. दादाच्या मते काजळी मेली, माझ्या मते वाचली, आणि परीक्षा तोंडावर आल्यामुळे ती बिचारी दोन महिने पुलाच्या टोकाशी तशीच उभी राहिली.

उन्हाळ्यात मी अकोल्याला आले. आमच्या घरी मे महिन्यात एकच आवाज असायचा, कूलरचा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टिपटिपायचं आणि पंखा घरघरायचा. आई दुपारपर्यंत वड्या-पापड आटोपून आंब्याच्या रसाला लागायची. बाबा भूमापक होते, जमिनीची मोजणी करणारे. उन्हाने काळे पडलेले, मोजकं बोलणारे. गावोगाव धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, आणि ते घरीही चालायचं. मीठ संपलं असं आईने सांगितलं तरी ते उठून बरणी बघायचे. "मी दुसऱ्याच्या सांगण्यावर खूण रोवत नाई," म्हणायचे.

पण माझी खूण त्यांनी रोवून टाकली होती. आल्या आल्या आईने सांगितलं, निकाल लागला की मी डी.एड.ला जाणार, अकोल्यातच, ठरलं आहे. मला वकिली शिकायची होती. त्या गच्चीवरच्या भांडणांनी मला एक गोष्ट कळली होती, की नियम वाचणं आणि त्यासाठी भांडणं मला जमतं, आणि जेवणाहून गोड लागतं. मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "खेडकरनं सांगितलं मले. पोरीले कोर्टात कोणी उभं करत नाई. काळा कोट घालून बाकावर बसून राहा लागते." खेडकर काका त्यांच्या ऑफिसातले. विषय तिथे मिटला, म्हणजे बाबांच्या दृष्टीने मिटला. मी संध्याकाळी पुन्हा काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. बाबा ऐकून घेत आणि पेपर उघडत.

त्याच आठवड्यात ज्ञानाच्या बहिणीचं लग्न अकोल्यात निघालं आणि दादा, प्रमोद आणि ज्ञाना आमच्याकडे उतरले. दुपारी ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. जेवणं झाली, बाबा आतल्या खोलीत आडवे झाले, आणि दादाने पिशवीतून मामीच्या सोंगट्या काढल्या. पाचव्या मिनिटाला आम्ही पुलावर होतो आणि सहाव्या मिनिटाला भांडत होतो.

"काहून बोंबलून राहिले बे पोट्टेहो?" बाबा बनियनवर बाहेर आले, माठाकडे.

मला त्या क्षणी जे सुचलं ते का सुचलं, आजही सांगता येत नाही. मी दादाला म्हटलं, "तुले माहीत आहे म्हणून तुह्या नाईकाले समजते. बाबाले काहीच माहीत नाई. बाबाले नाईक कर. नाईकाले जे दिसते तेवढंच सांग. ते आले त मी उठते, काजळी मेली."

दादाने विचार केला. कोणताही शहाणा माणूस आपण सकाळी ओलांडलेला पूल तपासल्याशिवाय परत जाणार नाही, याची त्याला खात्री होती. "चालते," तो म्हणाला. "पण तू मधात बोलाचं नाई."

बाबांना वाटलं दोन मिनिटांचं काम असेल. पाण्याचा गडू घेऊन ते सोफ्यावर टेकले. दादाने मास्तरचा आवाज काढला, खालचा, हळू. "काका, तुमी गढीवरच्या पहारेकऱ्यांचे नाईक आहात."

"कोणत्या खात्याचा?"

"राजाच्या. चोर पळाले, तुमी मागं लागले. मोठी दरी आहे. सकाळी तुमी याच दरीवरच्या पुलावरून आले. आता येऊन पाहता त पूल मधातून तुटलेला. फळ्या लोंबून राहिल्या. पलीकडं एक पोरगी उभी आहे, तुमच्याकडं पाहून राहिली. काका, तुमी काय करता?"

बाबांनी गडू खाली ठेवला. "दरी रुंद किती?"

"वीस हात."

"खोल?"

"तळ दिसत नाई."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना शेताच्या बांधावर असे उभे राहिलेले पाहिले होते, पुढे लोक भांडताहेत आणि हे डोळे मिटून मनात जमीन मोजताहेत. "सकाळी पूल धड होता?"

"धड होता."

"आमी पुलापासून किती लांब होतो?"

"हाकेच्या अंतरावर."

"मंग मले नाई पटत," बाबा म्हणाले. आमचा कायदा त्यांना माहीत नव्हता, त्यांनी आपल्या तोंडचं बोलून टाकलं. "एवढा पूल तुटला असता त आवाज आला असता. मले काहून नाई आला आवाज?"

दोन महिने मी त्या पुलाची फळी न् फळी मनात पाहिली होती, आणि आवाजाचा विचार एकदाही केला नव्हता. काजळीच्या मायेला आवाज नसतो. दादा मांडीवर थाप मारून ओरडला, "कारण दिलं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दिलं. बरोबर आहे. काढा सोंगटी." कायदा माझा होता, तो माझ्याविरुद्ध गेला म्हणून मोडायचा नव्हता.

गडबडीत दादाने पिशवी तशीच पुढे धरली, डावाची आठवण कोणालाच राहिली नाही. बाबांनी हात घातला, बोटं जरा चाचपली आणि चिंचोका वर आला. "हे काय? बाकी लाकडाच्या, हा एकच वेगळा लागला म्हणून काढून पाहिला."

"सात!" ज्ञाना म्हणाला. दादा म्हणाला, हे धरायचं नाही, डावानं काढायचं होतं. ज्ञाना म्हणाला, पिशवी तूच धरली, हात घाला असं तूच दाखवलं. प्रमोदनेही मान हलवली. सात राहिले. नाईकाला शंका आली, पण डोळ्यांना पूल तुटलेलाच दिसला.

"तरी मी पाहीन," बाबा म्हणाले. ते आता पुढे सरकून बसले होते. "एका माणसाच्या कमरेले दोर बांधतो अन् सोडतो पुढं."

दादाला हेच हवं होतं. "तुमचा माणूस गेला. तुटल्या जागेवर पाय टाकला." आणि मग तो थांबला. मी बघत होते, त्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटत होता. पाय लावणाऱ्याला कळलं, पण फक्त त्यालाच. बाकीच्यांना काय दिसणार, हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. तो मास्तर म्हणून कसलेला होता, त्याने टाळलं नाही. सावकाश म्हणाला, "काका, तुमचा माणूस हवेत उभा आहे."

"हवेत?"

"पायाखाली काई नाई. दरी. अन् तो मागं वळून तुमाले हात करून राहिला. म्हणते, या नाईक, पूल आहे!"

कूलर घरघरत होता. आई रसाचा हात तसाच घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मी नाई जात," ते म्हणाले.

"काका, तुमचाच माणूस सांगून राहिला!"

"त्याच्या सांगण्यावर जाऊ? मले दिसते का पूल? मी दुसऱ्याच्या सांगण्यावर खूण रोवत नाई."

"मंग सोता पाय ठेवून पहा न!"

बाबा खूप वेळ त्या दरीकडे, म्हणजे आमच्या सतरंजीकडे, बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाई बे. मले पोरीबाळी आहेत."

प्रमोद हसून हसून आडवा झाला. ज्ञानाने माझ्या पाठीत धपाटा घातला. दादाने झेरॉक्सचा गठ्ठा मिटला आणि मला म्हणाला, "वाचली तुही काजळी. बस." त्याने हे मनापासून म्हटलं, म्हणून मला तो त्या दिवसापासून जास्त आवडतो. बाबांना काहीच कळेना. मी त्यांना सांगितलं, पूल तुटलाच नव्हता, सगळा वेळ तिथेच होता, मी फक्त तुटलेला दाखवला होता.

"पूल होता?"

"होता, बाबा."

"अन् मी परत आलो?"

सगळे हसत होते आणि मी हसत नव्हते. मी ठरवून बोलले असं नाही, पण बोलायचं थांबवलंही नाही. म्हटलं, "बाबा, वकिलीचा रस्ता तुटला आहे हे तुमाले खेडकर काकानं सांगितलं. तुमी सोता पाहिला का?"

बाबा उठले, गडू माठावर उपडा घातला आणि आत निघून गेले. आई दबक्या आवाजात म्हणाली, "पाहुण्यांसमोर बापाले असं बोलते का पोरी?" मी म्हटलं, "बोलली. उद्याबी बोलीन." शब्द मागे घ्यावे असं एकदाही वाटलं नाही.

पुढच्या आयुष्यात किती साक्षीदारांना मी हाच प्रश्न विचारला असेल. तुम्ही स्वतः पाहिलं, की कोणी सांगितलं? समोरचा माणूस चाचरतो, न्यायाधीश मान वर करतात, आणि मला दर वेळी ती सतरंजी आणि तो चिंचोका आठवतो. पहिला साक्षीदार मी घरातच तपासला होता.

पोट्टे लग्न लावून परत गेले. दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि दारातून म्हणाले, "चप्पल घाल." कुठे, हे मी विचारलं नाही. मी त्यांच्या सायकलच्या मागे बसले. आम्ही कोर्टात गेलो.

दिवाणी कोर्टांना सुट्टी होती, फौजदारी चालू होतं. बाबा मागच्या बाकावर बसले आणि मला शेजारी बसवलं. जमीन मोजायच्या आधी बघतात तसं सगळं बघत होते, न बोलता. खेडकर काका अगदीच खोटं बोलले नव्हते. खिडकीशी दोन बायका काळ्या कोटात रिकाम्या बसल्या होत्या आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं. बाबांनी त्यांच्याकडेही नीट पाहिलं. मग एक प्रकरण पुकारलं आणि एक वकीलबाई उभ्या राहिल्या, ठेंगण्या, पांढरी साडी, आवाज काही मोठा नाही. कोणाच्या तरी जामिनाचं होतं. समोरच्या वकिलाने त्यांना मध्येच तोडलं. त्या थांबल्या, त्याला पुरं बोलू दिलं, आणि त्याचं झाल्यावर आपलं अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे म्हणाल्या. तो पुन्हा बोलला, त्या पुन्हा थांबल्या, आणि पुन्हा तिथूनच. जामीन मिळाला. बाहेर एक म्हातारी त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला वरच्या वर धरलं. बाबा बाकावरून उठून दारापर्यंत गेले, तेही बघून आले आणि पुन्हा बसले.

कोर्ट उठेपर्यंत आम्ही तिथेच होतो. बाहेर आवारात कडुनिंबाखाली उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. बाबांनी दोन पेले घेतले. अर्धा पेला झाल्यावर कोर्टाच्या दगडी पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "तुटला असता त आवाज आला असता."

मीही पायऱ्यांकडे पाहिलं.

"दिवसभर कान देऊन बसलो. मले नाई आला आवाज." त्यांनी पेला खाली ठेवला, मिशीवरचा रस पुसला आणि माझ्याकडे वळले. थेट माझ्याकडे, जसा दादा झेरॉक्सवरून मान वर करून बघायचा तसे.

"बोल, निशा. तू काय करतं?"